वाढत्या अंगाचा सदरा

शाळेचा गणवेश शिवायला टाकताना शिंप्याला एक सूचना हमखास दिली जाते : जरा वाढत्या अंगाचा ठेवा, दोन-तीन वर्षं चालला पाहिजे. मग जूनमध्ये ते पोर बाह्या दुमडत, ढगळ सदऱ्यात शाळेत जातं आणि सदरा अंगाला नीट बसेपर्यंत त्याची कॉलर विरून गेलेली असते.

कपड्यांत यामागे काटकसर तरी आहे. मुलांचे खेळही आपण असेच शिवतो. मोठ्यांचं मैदान, मोठ्यांचे नियम, मोठ्यांच्या स्पर्धा आणि मोठ्यांचा ताण जसाच्या तसा त्यांच्या अंगावर चढवतो आणि मूल त्यात कधी मावेल याची वाट बघत बसतो. या प्रकरणात बर्फावरच्या हॉकीची गोष्ट सांगायची आहे. मुलांचा खेळ मुलांच्या मापाने पुन्हा बेतण्याचं काम अमेरिका आणि कॅनडातल्या या खेळाने उघडपणे केलं, त्यासाठी पालकांशी, प्रशिक्षकांशी भांडणं पत्करली, आणि काय घडलं ते मोजूनही ठेवलं.

आइस हॉकीतला सर्वांत गाजलेला ढगळ सदरा वेन ग्रेट्स्कीचा आहे. कॅनडात ओन्टारिओ प्रांतातल्या ब्रँटफर्ड गावचा हा मुलगा सहाव्या वर्षी दहा वर्षांच्या मुलांच्या संघात खेळायला लागला. जर्सी इतकी लांब की स्टिक तिच्यात अडकायची. प्रशिक्षकाने उजव्या बाजूची कड पँटमध्ये खोचून दिली. पुढे हा मुलगा जगातला सर्वश्रेष्ठ हॉकीपटू ठरला आणि निवृत्त होईपर्यंत जर्सी तशीच, एका बाजूने खोचून खेळला. त्या पहिल्या मोसमात त्याच्या नावावर गोल किती? एक. ही संख्या ध्यानात ठेवावी. दहा वर्षांचा असताना त्याच मुलाने 1971-72 च्या एका मोसमात 378 गोल केले. सहाव्या वर्षी कोणी निवड-चाचणी घेऊन, गोल मोजून त्याला घरी पाठवलं असतं, तर कागदोपत्री ते बरोबरच दिसलं असतं.

आता मापाकडे येऊ. उत्तर अमेरिकेतल्या रिंकची, म्हणजे बर्फाच्या मैदानाची, लांबी 200 फूट आणि रुंदी 85 फूट असते. सहा फुटी, ऐंशी-नव्वद किलोचे खेळाडू त्यावर जीव तोडून स्केटिंग करतात आणि पाऊण-एक मिनिटात दमून बदली खेळाडूला जागा देतात. आठ वर्षांचं मूल साधारण चार फूट उंच आणि पंचवीस किलोचं. वर्षानुवर्षं तेही याच बर्फावर, याच सहा फूट रुंद आणि चार फूट उंच गोलसमोर, सुमारे 170 ग्रॅमच्या त्याच पकने खेळत होतं. (पक म्हणजे कडक रबराची चकती. या हॉकीत चेंडू नसतो.) हिशेब उलटा करून पाहा. पंचवीस किलोच्या मुलाला 170 ग्रॅमचा पक जितका जड, तितका जड पक ऐंशी किलोच्या माणसाला द्यायचा तर तो अर्ध्या किलोहून जास्त वजनाचा लागेल. असा पक मनगटाच्या झटक्याने उचलून मारायचा म्हटलं तर मोठ्यांचंही मनगट धरेल. चार फुटी गोलरक्षकाला गोलच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचवता येत नाही. पक उंच उडाला की गोल ठरलेला. त्यात त्याचा काय दोष?

एवढ्या मोठ्या बर्फावर लहान मुलांचा सामना कसा होतो हे कळायला फार वेळ लागत नाही. दोन-तीन मुलं वयाच्या मानाने थोराड असतात, स्केटिंग पटकन जमलेली असतात. पक त्यांच्याकडे जातो आणि ती सुसाट निघतात. बाकीची सात-आठ जण मागे धावतात, पोचेपर्यंत खेळ दुसऱ्या टोकाला गेलेला असतो, की पुन्हा उलटी फेरी. तासाभरात या मुलांच्या स्टिकला पक लागतो तो काळ सेकंदांत मोजावा. स्टँडमधले आईवडील गोल झाल्यावर टाळ्या वाजवतात. ज्याने गोल केला त्याला मजा आली, हे खरं. बाकीच्यांना थंडी वाजली.

यूएसए हॉकी या अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेने 2009 मध्ये ‘अमेरिकन डेव्हलपमेंट मॉडेल’ नावाचा आराखडा आणला. त्यामागे इश्तवान बाल्यी या हंगेरीत जन्मलेल्या आणि कॅनडात काम केलेल्या क्रीडातज्ज्ञाचा विचार होता : मुलाच्या वाढीचे टप्पे असतात, प्रत्येक टप्प्याला शरीर आणि मन वेगळं काही शिकायला तयार असतं, म्हणून सराव त्या टप्प्याप्रमाणे आखावा. कागदावर हे कुणालाही पटतं. भांडण झालं ते त्यातल्या एका साध्या सूचनेवरून. आठ वर्षांखालच्या मुलांनी रिंकच्या लांबीत खेळायचं नाही, रुंदीत खेळायचं. म्हणजे रिंकचे आडवे तुकडे करायचे, मध्ये फोमचे ठोकळे किंवा फळ्या लावायच्या, छोटे गोल ठेवायचे आणि निळ्या रंगाचा हलका, 113 ग्रॅमचा पक द्यायचा. या वयात कायमचा गोलरक्षकही नको, सगळ्यांनी आळीपाळीने उभं राहायचं.

आडव्या बर्फावर काय घडतं याची मोजणी यूएसए हॉकीने एनएचएल या व्यावसायिक लीगच्या मदतीने केली. प्रत्येक मुलाला पक लागण्याचं प्रमाण दुप्पट झालं, पास मिळण्याचं सुमारे पाचपट आणि गोलवर शॉट मारण्याचं सहापट. कारण उघड आहे. जागा लहान असली की कुणालाच सुसाट पळून जाता येत नाही. पक दर दोन-तीन सेकंदांनी कुणाच्या तरी पायाशी येतो. समोर माणूस उभा असतो, म्हणून वळावं लागतं, थांबावं लागतं, मान वर करून पासला जागा शोधावी लागते. मागे राहिलेलं मूलही चार ढांगांत पुन्हा खेळात येतं. आणि पायाशी पक आला की कंटाळा येत नाही. मुलांच्या खेळातली मजा म्हणजे बहुतेक वेळा एवढंच : आपल्याला खेळायला मिळणं.

पालक मात्र भडकले. कॅनडात हॉकी हा घराघरातला धर्म आहे, तिथे तर जास्तच. हॉकी कॅनडाने 2017-18 च्या मोसमापासून पाच-सहा वर्षांच्या मुलांचे आणि 2019-20 पासून सात-आठ वर्षांच्या मुलांचे सामने छोट्या बर्फावर नेले, तेव्हा आक्षेप एकच होता : आमच्या पोराची वाढ खुंटेल, त्याला ‘खरी’ हॉकी कधी मिळणार? पैसे पूर्ण घेता आणि बर्फ अर्धा देता? यूएसए हॉकीने याला दिलेलं उत्तर मला फार आवडतं. त्यांनी मोठ्या खेळाडूंसाठी मुलांच्या प्रमाणात वाढवलेली अवाढव्य रिंक आखली, गोलही त्या मापाचे केले आणि त्यांना खेळायला सोडलं. थोड्याच वेळात मोठी माणसं धापा टाकत गुडघ्यांवर हात ठेवून उभी होती. पास पोचेना, कुणी कुणाच्या जवळ येईना. आपण मुलांना रोज काय करायला लावत होतो ते त्यांना स्वतःच्या दमलेल्या पायांनी कळलं.

आराखडा आला त्याच सुमारास अमेरिकेने आणखी एक गोष्ट केली. बारा वर्षांखालच्या मुलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच बंद केली. स्पर्धा असली की प्रशिक्षक ती जिंकायला बघतो, जिंकायचं तर आज थोराड असलेली मुलं निवडतो, त्यांना जास्त वेळ खेळवतो, आणि उद्या उंच होणारी मुलं बाकावर बसून बसून घरी जातात. मूळच कापलं ते बरं झालं.

‘आज थोराड असलेली मुलं’ हा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. 1980 च्या दशकात कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात रॉजर बार्न्सली हे मानसशास्त्रज्ञ लेथब्रिज गावात ज्युनिअर हॉकीचा सामना बघायला गेले होते. पत्नी पॉला हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत खेळाडूंच्या जन्मतारखा वाचत होत्या. त्यांना दिसलं की जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हे महिने पुन्हा पुन्हा येताहेत. बार्न्सलींनी घरी जाऊन याद्या तपासल्या, तिथेही तेच. कॅनडात वयोगट 1 जानेवारीला कापतात. जानेवारीतलं मूल आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातलं मूल एकाच गटात येतात. नवव्या वर्षी त्यांच्यात जवळजवळ एक वर्षाच्या वाढीचा फरक असतो. निवडणारा त्या फरकाला ‘गुणवत्ता’ समजतो. निवडलेल्याला चांगला प्रशिक्षक, जास्त बर्फ, जास्त सामने मिळतात आणि पाच वर्षांनी तो खरोखरच चांगला खेळायला लागतो. चूक अशी स्वतःला खरं करून घेते. ग्रेट्स्कीचाही जन्म 26 जानेवारीचा, पण तो चार वर्षांनी मोठ्या मुलांत खेळला, त्यामुळे त्याचं उदाहरण इथे लागू नाही. लागू आहे ते डिसेंबरात जन्मलेल्या आणि नावही कुणाला ठाऊक नसलेल्या मुलांचं. आपल्याकडच्या वयोगट निवड-चाचण्यांच्या याद्या घेऊन कुणी तरी जन्ममहिने मांडून बघावेत.

आता सुरक्षेविषयी. या खेळात बोलायचं तर टकरीविषयी बोलावं लागतं. बॉडी चेकिंग म्हणजे पक जवळ असलेल्या खेळाडूला खांद्याने किंवा कमरेने धडक देऊन पकपासून तोडणं. पुरुषांच्या हॉकीत ते नियमात बसतं. प्रश्न होता, मुलांना ते कितव्या वर्षी करू द्यावं? जुन्या प्रशिक्षकांचं म्हणणं असं की जितक्या लवकर तितकं बरं. अंग लवचिक असतं, वेग कमी असतो, आत्ताच पडायला शिकतील तर पुढे सांभाळतील. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडेही ‘लहानपणीच टक्केटोणपे खाल्लेले बरे’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात.

कॅनडातल्या प्रांतांनी नकळत याचा एक मोठा प्रयोग मांडून ठेवला होता. अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या ‘पीवी’ गटात आल्बर्टात बॉडी चेकिंगला परवानगी होती, क्वेबेकमध्ये नव्हती. कॅल्गरी विद्यापीठाच्या कॅरोलिन एमरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007-08 च्या मोसमात दोन्हीकडच्या मुलांच्या दुखापतींची नोंद ठेवली. आल्बर्टातली 1108 मुलं, क्वेबेकमधली 1046. बर्फावरचे तासही जवळपास सारखे. आल्बर्टात 241 दुखापती, त्यांपैकी 78 वेळा मेंदूला हादरा बसलेला. क्वेबेकमध्ये 91 दुखापती, त्यांत 23 हादरे. 2010 मध्ये हा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. सामन्यातल्या दुखापतीचा धोका तिपटीहून जास्त आणि हादऱ्याचा जवळजवळ चौपट.

बारा-तेरा वर्षांची मुलं एकत्र उभी केलेली कुणी पाहिली असतील तर त्याला नवल वाटणार नाही. याच वयात कुणाला मिसरूड फुटलेली असते, कुणाचा आवाजही फुटलेला नसतो. एकाचं वजन दुसऱ्याच्या दुप्पट असू शकतं. मोठ्यांच्या खेळात धडक देणारा आणि घेणारा साधारण एका वजनाचे असतात. मुलांच्या खेळात तीच धडक म्हणजे सायकलला मोटारसायकलने दिलेली धडक.

‘लवकर शिकलं तर पुढे सांभाळतील’ हेही एमरींच्या गटाने तपासलं. दोन वर्षं आधी चेकिंग शिकलेली मुलं तेरा-चौदाव्या वर्षी कशी आहेत ते पाहिलं. एकूण दुखापती आणि मेंदूचे हादरे यांत त्यांना काही फायदा दिसला नाही. आठवड्याहून जास्त काळ बाहेर बसवणाऱ्या दुखापती मात्र त्यांच्यात काहीशा कमी होत्या, आणि हे मुद्दाम सांगायला हवं, कारण विरोधकांच्या म्हणण्यात तेवढं तथ्य होतं. पण तो थोडा लाभ पदरात पाडून घ्यायला आधीची दोन वर्षं तिपटीने दुखापती सोसायच्या, हा सौदा कोणते आईबाप करतील?

यूएसए हॉकीने 2011 मध्ये बॉडी चेकिंगचं वय बारा वर्षांखालच्या गटातून चौदा वर्षांखालच्या गटात नेलं. हॉकी कॅनडाने 2013 मध्ये पीवी गटात देशभर बंदी घातली. नंतर आल्बर्टात पुन्हा मोजणी झाली : अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या दुखापती निम्म्यावर आल्या, मेंदूचे हादरे 64 टक्क्यांनी कमी झाले. एक नियम बदलून एवढा फरक पडल्याची उदाहरणं सार्वजनिक आरोग्यात फार नाहीत.

बंदीचा अर्थ मुलांनी एकमेकांना शिवायचंच नाही असा नाही. अंग मध्ये घालून पक झाकणं, प्रतिस्पर्ध्याला कोनात धरून कडेला नेणं, तोल खाली ठेवून धक्का सहन करणं, स्टिकने पक काढून घेणं, हे सगळं आधीपासून शिकवायचं. आणि गंमत अशी की धडकेची सोय नसली की ही कला आपोआप वाढते. पक हिसकायला वजन वापरता येत नाही म्हटल्यावर डोकं आणि पाय वापरावे लागतात. इथे सुरक्षितता आणि कौशल्य एकाच नियमातून आलं. आडव्या बर्फावरही तसंच घडलं होतं.

मेंदूच्या हादऱ्याविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण याबाबतचे गैरसमज मराठी घरांतही आहेत, मग मूल क्रिकेट खेळो की कबड्डी. हेल्मेट कवटी वाचवतं. आतला मेंदू कवटीत हलतो, पिळला जातो, ते हेल्मेट पूर्णपणे थांबवू शकत नाही. बेशुद्ध पडलं तरच हादरा, हेही खरं नाही. मूल गोंधळल्यासारखं दिसतं, उत्तर द्यायला वेळ लावतं, स्कोअर विसरतं, डोकं दुखतं म्हणतं, उजेड सहन होत नाही, उगाच चिडतं किंवा रडतं, त्या रात्री नीट झोपत नाही. यांतलं एकही लक्षण दिसलं तर त्या दिवशी खेळ संपला. ‘बघू, दहा मिनिटांनी बरं वाटलं तर उतर’ असं म्हणायचं नाही. ओटावामधली रोवन स्ट्रिंगर ही सतरा वर्षांची मुलगी रग्बी खेळायची. 2013 मध्ये काही दिवसांच्या अंतराने डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला आणि ती गेली. आधीचा हादरा भरून आलेला नसताना दुसरा बसला की कोवळ्या मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. ओन्टारिओने 2018 मध्ये तिच्या नावाचा कायदा केला : हादऱ्याची शंका आली की खेळाडूला तात्काळ बाहेर काढायचं आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. परतीच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. आधी शाळा, मग हलका व्यायाम, मग एकट्याचं स्केटिंग, मग बिनधडकेचा सराव, सामना सर्वांत शेवटी.

दुसरी भीती मानेची. टोरांटोचे न्यूरोसर्जन चार्ल्स टेटर यांना 1980 च्या सुमारास मानेचे मणके मोडून अपंग झालेले तरुण हॉकीपटू एकामागून एक दिसू लागले. कारण बहुतेकदा एकच : कडेच्या फळीकडे तोंड करून पक काढणाऱ्या मुलाला मागून ढकललेलं. मान खाली घातली की मणक्यांची नैसर्गिक कमान सरळ होते आणि डोकं फळीवर आदळल्यावर सगळा भार त्या सरळ कण्यातून जातो. मागून धडक देण्यावर कडक शिक्षा आली ती यानंतर. आठ वर्षांच्या मुलालाही शिकवण्याजोगा धडा यात आहे : फळीवर आदळणार असं वाटलं तर मान खाली घालू नकोस, डोकं वर ठेव. ओन्टारिओतल्या विंडसर गावातून सुरू झालेली एक साधी युक्ती पुढे बरीच पसरली. मुलांच्या जर्सीवर पाठीला, मानेखाली, ‘स्टॉप’ लिहिलेली लाल अष्टकोनी पट्टी शिवायची. मागून येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ऐन क्षणी रस्त्यावरची थांबण्याची खूण येते.

साधनांविषयी एवढंच : पूर्ण चेहरा झाकणारी जाळी मुलांना सक्तीची आहे, ती डोळ्यांचे डॉक्टर टॉम पॅशबी यांनी टोरांटोत अंध झालेले डोळे मोजत बसून लावून धरली म्हणून. ऑक्टोबर 2023 मध्ये इंग्लंडमध्ये शेफील्डला सामना चालू असताना अॅडम जॉन्सन या अमेरिकन खेळाडूचा स्केटचं पातं मानेला लागून मृत्यू झाला. त्यानंतर 1 ऑगस्ट 2024 पासून यूएसए हॉकीने अठरा वर्षांखालच्या गटांना गळापट्टा बंधनकारक केला. कॅनडात लहान मुलांना तो आधीपासूनच होता.

पण मुलाला सर्वांत मोठा धोका बर्फावर असतो असं धरून चालणं चूक ठरेल. शेल्डन केनेडी हा एनएचएलमधला खेळाडू. त्याच्या किशोरवयात त्याच्या प्रशिक्षकाने अनेक वर्षं त्याचं लैंगिक शोषण केलं. 1990 च्या दशकात त्याने हे पोलिसांना आणि मग जाहीरपणे सांगितलं, प्रशिक्षकाला तुरुंगवास झाला आणि कॅनडाला हादरून बघावं लागलं की ज्याच्या हाती आपण पोर डोळे मिटून देतो, तो माणूस कोण आहे. केनेडीने पुढे प्रशिक्षकांना आणि पालकांना शिकवणारी संस्थाच काढली. त्यातून रुजलेला साधा नियम असा : कपडे बदलण्याच्या खोलीत, प्रवासात, कुठेही एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल अशी वेळ येऊ द्यायची नाही, नेहमी दोन जबाबदार मोठी माणसं हवीत. चांगल्या प्रशिक्षकाला या नियमाचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडे मूल पाठवू नये.

कौशल्य येतं कसं? ग्रेट्स्कीच्या वडिलांचं, वॉल्टर यांचं, उत्तर घरामागच्या अंगणात होतं. टेलिफोन कंपनीत नोकरी करणारा हा माणूस हिवाळ्यात अंगणात फवाऱ्याने पाणी शिंपडून रात्रीतून बर्फ गोठवायचा. डबे मांडून त्यांच्यामधून पक नेणं, आडव्या टाकलेल्या स्टिकवरून उडी मारता मारता पास घेणं, असे खेळ तो लावायचा. पण वेन तासन्‌तास बर्फावर राहिला तो बापाच्या धाकाने नव्हे. मित्र असायचे, अंधार व्हायचा, जेवायला हाका यायच्या, पोरं आत येत नसत. उन्हाळ्यात स्केट्स बाजूला आणि बेसबॉल, लॅक्रॉस सुरू. किंगस्टनच्या क्वीन्स विद्यापीठातले क्रीडा मानसशास्त्रज्ञ जाँ कोते यांनी मोठ्या खेळाडूंची बालपणं तपासून हेच मांडलं. मुलं स्वतः नियम ठरवून, स्वतःच्या आनंदासाठी खेळतात असा खेळ बालपणात भरपूर लागतो. एकाच खेळाची घोटीव तयारी नंतर यावी.

हे वाचताना मला पुण्याजवळची खडकी आठवते. हॉकी वेगळी, गवत-मातीवरची, पण गोष्ट तीच. तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत भारताचा हॉकीपटू धनराज पिल्ले भावांबरोबर आणि मित्रांबरोबर मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन भुसभुशीत मातीवर खेळत वाढला. अशा जमिनीवर चेंडू कुठे उडेल सांगता येत नाही, म्हणून चेंडू स्टिकला चिकटवून ठेवायला हाताला शिकावं लागतं. गरिबीचं कौतुक मला करायचं नाही. त्या मुलांना चांगल्या स्टिक मिळायलाच हव्या होत्या. मुद्दा त्या तासांचा आहे, ज्यांत कुणी शिट्टी वाजवत नव्हतं आणि कुणी निवडही करत नव्हतं.

आजच्या शहरात अंगण नाही, रिंकचा तास महाग आहे. म्हणून प्रशिक्षकाने सरावातच अंगण बनवायचं असतं. चांगला सराव कसा ओळखावा? रांगा बघाव्यात. दहा मुलं रांगेत उभी आणि एक जण पक घेऊन जातोय, असं दिसलं तर तो सराव वाया चाललाय. नव्या पद्धतीत एकाच रिंकवर पाच-सहा ठिकाणं आखतात. एका ठिकाणी स्केटच्या कडेवर वळायचं, दुसऱ्या ठिकाणी उलटं स्केटिंग, तिसऱ्या ठिकाणी नुसती शिवाशिवी, चौथ्या ठिकाणी तिघांविरुद्ध तिघे. सात-आठ मिनिटांनी शिट्टी आणि पुढचं ठिकाण. साठ मुलं एकाच वेळी हलत असतात आणि बर्फाचं भाडं साठ घरांत वाटलं जातं. शिवाशिवीत मूल जितक्या वेळा कड बदलतं, थांबतं, वळतं, तितक्या वेळा ते मांडलेल्या शंकूंभोवती स्केटिंग करताना करत नाही. शिवाय त्याला आपण सराव करतोय हे कळतही नाही. सामन्यांपेक्षा सराव जास्त हवा, या वयात एका सामन्यामागे तीन सराव, असं यूएसए हॉकी सांगते. आपल्याकडच्या बऱ्याच अकादम्या नेमकं उलटं करतात, कारण पालकांना दाखवायला सामना सोपा असतो.

शेवटी राहिलो आपण, म्हणजे मोठी माणसं. जुलै 2000 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या रीडिंग गावात मुलांच्या सरावात धसमुसळेपणा चाललाय यावरून दोन वडिलांचं भांडण झालं. एकाने दुसऱ्याला मुलांच्या देखत मारलं, इतकं की तो मेला. हा टोकाचा प्रसंग आहे. रोजचे प्रसंग लहान असतात आणि म्हणून दिसत नाहीत : काचेवर आपटलेली मूठ, पंचाला उद्देशून घातलेली आरोळी, ‘शूट कर, शूट कर’ हा अखंड घोष. ग्रेट्स्कीसारख्या मुलालाही गावातल्या इतर पालकांचा हेवा इतका असह्य झाला की चौदाव्या वर्षी तो घर सोडून टोरांटोला राहायला गेला. आता अनेक क्लबांत चोवीस तासांचा नियम असतो. सामना संपल्यावर चोवीस तास प्रशिक्षकाकडे तक्रार घेऊन जायचं नाही. त्यातल्या बहुतेक तक्रारी दुसऱ्या दिवसापर्यंत उरतही नाहीत.

सर्वांत अवघड जागा मात्र परतीच्या गाडीतली. टोरांटो असो, मिनिआपोलिस असो, तिथली मराठी घरंही आता पहाटे पाचला उठून मुलामुलींना रिंकवर नेतात. इथे पुण्या-मुंबईत तीच धावपळ स्कूटरवर क्रिकेटच्या नेटसाठी चालते. मागच्या सीटवर घामेजलेलं, दमलेलं मूल बसलेलं असतं आणि पुढून सुरुवात होते : तो पास का दिला नाहीस, तिथे उभा का राहिलास, अमक्याचा मुलगा बघ. त्याला पळायला जागा नसते, पट्टा बांधलेला असतो. खेळातल्या चुका प्रशिक्षक सांगेल, तो त्यासाठीच आहे. पुढच्या वेळी गाडी सुरू करण्याआधी मागे वळून बघा, मजा आली का विचारा, भूक लागली का विचारा आणि वाटेत कुठे तरी थांबून त्याला काही तरी गरम खायला घाला.